टेबलाखालचा बिबट्या

"मग? पुढे काय झालं?"

आमच्या बालवर्गाच्या बाईंना तुम्ही काहीही सांगा, त्या भुवया वर करून हेच विचारायच्या. मी त्या शाळेच्या ऑफिसात क्लार्क होतो. एका सकाळी मी सहज म्हणालो, "बाई, आज पाणी आलेलं नाही."

"मग? पुढे काय झालं?"

"पुढे काय व्हायचंय? टँकर मागवलाय."

"निघाला का? की वाटेत कुठे अडकला? ड्रायव्हर चहाला थांबला असेल का हो?"

"मला काय माहीत!"

"माहीत नसेल तर रचायचं की सर," असं म्हणून बाई वर्गात गेल्या. दहा मिनिटांनी सगळा वर्ग एकामागे एक उभा राहून टँकर झाला होता आणि ढुर्रर्र करत ऑफिसवरून चालला होता.

माझा पिंड वेगळा. मी एकतीस वर्षं एका कंपनीत टपाल खात्यात काढली. आलेलं पत्र आवक रजिस्टरमध्ये, गेलेलं जावकमध्ये, याच्या पलीकडे मी आयुष्यात काही रचलं नाही. कंपनी बंद पडली, तोवर आम्ही मुंबईतली खोली विकून भाईंदरजवळच्या सिल्व्हर पार्कला राहायला आलो होतो. घरी बसून बायकोच्या पायांत येण्यापेक्षा ही नोकरी बरी, म्हणून धरली. शाळा म्हणजे पूनम सागर वसाहतीच्या मागच्या बाजूला एका इमारतीच्या तळमजल्यावरचे चार गाळे. मधल्या काही भिंती पाडून उरलेल्यांवर फुलपाखरं रंगवलेली.

बाई नवघरहून शेअर रिक्षाने यायच्या. पन्नाशी उलटलेली, अंगाने शिडशिडीत, साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि खाली चक्क स्पोर्ट्स शूज. माहेर लातूरकडचं. इतकी वर्षं इकडे राहूनही मुलांना त्या 'लेकरं'च म्हणायच्या. आणि घाईत असल्या की "काय करायलात सर?" असं तोंडातून निघून जायचं. यजमान फार लवकर गेलेले. घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच.

सकाळी त्या वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारायच्या, "आज कोण आलंय?" इथे नाव सांगायचं नाही, असा नियम. मग कुणी रिक्षा व्हायचं, कुणी डॉक्टर, कुणी इडलीवाला अण्णा. एक मुलगा रोज दारात भोकाड पसरायचा. तो एक दिवस म्हणाला, "मी कुकर."

"किती शिट्ट्या झाल्या?"

"दोन."

"मग तिसरी होऊ दे. त्याआधी उघडला तर डाळ कच्ची राहील."

मुलगा बाहेर थांबला. मग त्याने अशी काही शिट्टी दिली की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. त्यानंतर तो स्वतःहून आत गेला, आणि शाळेत येताना रडणंही त्या दिवसापासून बंद झालं.

हे सगळं छान. पण दुपारी हजेरीपट माझ्याकडे आला तेव्हा त्या मुलाच्या नावापुढे पेन्सिलीने 'कुकर' लिहिलेलं! मी खोडरबर घेऊन तडक वर्गात गेलो.

"बाई, मस्टर आहे हे. यात एक तर हजर, नाहीतर गैरहजर. तिसरं काही नसतं."

"पण सर, तो आज हजर नव्हताच. त्याच्या जागी कुकर आला होता."

मी तिथेच उभं राहून खोडलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका नावापुढे 'रिक्षा, मीटर बंद' असं होतं. अशा माणसांशी भांडता येत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. ती हसतात आणि आपण उगाच रागीट दिसतो.

बाईंच्या गोष्टी सांगायच्या तर त्यांना शेवट नसायचा. म्हणजे बाईंकडे नसायचा. "एक हत्ती रस्ता चुकला आणि सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला येऊन उभा राहिला," इतकं सांगून त्या गप्प व्हायच्या. "पुढचं काय मला माहीत नाही लेकरांनो. कुणाला माहितीये?"

"टीचर, हाथी को भूख लगी," एकजण सांगायचा.

"एणे ढोकळा खाधा," मागून एक गुजराती मुलगी.

"मग पोलिसांनी त्याची पावती फाडली," तिसरा.

अशी ती गोष्ट तीन भाषांतून फिरत फिरत कुठे जाईल याचा नेम नसायचा. बाई मध्येच तोंडावर हात घेऊन "अगं बाई! मग?" इतकंच म्हणायच्या. मी ऑफिसात बसून फॉर्म तपासायचो, आणि हत्तीचं काय झालं हे कळल्याशिवाय माझं दुसरं पान उलटायचं नाही. ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही, आता सांगतोय.

पालक मात्र कुरकुरायचे. "बाजूच्या शाळेतली मुलं पूर्ण ए टू झेड लिहितात. आमचा अजून हत्तीच करतोय." बाई शांतपणे म्हणायच्या, "लिहील हो. लिहायला आधी सांगण्यासारखं काही हवं ना पोटात." पालकांना हे पटायचं असं नाही. पण बाईंसमोर जास्त ताणताही यायचं नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात भाईंदरच्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी पसरली. आपल्याकडे जंगल पाठीलाच लागून आहे, त्यामुळे अधूनमधून असं होतं. पण आता ज्याच्या त्याच्या फोनवर बिबट्या. खरा कुठला, जुना कुठला, कुणाला काही कळेना. मोठी माणसं चार दिवस बोलून विसरली. मुलांच्या मनात मात्र तो जाऊन बसला. खाली खेळायला जायचं नाही, बाथरूमला एकटं जायचं नाही. रिद्धी नावाची साडेचार वर्षांची मुलगी, एरवी वर्गाची पुढारी, ती बाईंचा पदर सोडेना. दोनदा तिचे कपडे वर्गातच ओले झाले. तिची आई दारात उभी राहून रडवेली होऊन म्हणाली, "घरातसुद्धा या खोलीतून त्या खोलीत जात नाहीये हो."

यावर बाईंनी काय केलं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पुतण्याच्या लग्नासाठी तीन दिवस साताऱ्याला गेलो होतो. नंतर कळलं ते असं. बाईंनी एका सकाळी आपल्या टेबलावरची चादर जरा उचलली, खाली पाहिलं आणि कुजबुजत म्हणाल्या, "अगं बाई, हा इथे कसा? श्श. हळू बोला. फार घाबरलाय तो. आई चुकलीये त्याची."

मुलं भिंतीला जाऊन चिकटली. मग त्याला तहान लागली असेल का, हा प्रश्न निघाला. वाटी कोण ठेवणार, हा दुसरा. पहिल्या दिवशी कुणी पुढे झालं नाही, बाईंनीच ठेवली. दुसऱ्या दिवशी तिघं गेली. तिसऱ्या दिवशी रिद्धीने आपल्या डब्यातला उपमा त्याच्यापुढे सारला आणि दोन पावलं मागे येऊन म्हणाली, "तिखट नाहीये, खा." त्या दुपारी ती बाथरूमला एकटी गेली.

चौथ्या दिवशी मी हजर झालो.

साडेदहाच्या सुमाराला हजेरीपट आणायला वर्गाकडे निघालो, तर दारात रिद्धी हाताची घडी घालून उभी. "सर, चपला काढा. हळू चाला. आत बिबट्या आहे."

"कुठे?"

"टीचरच्या टेबलाखाली. आत्ताच झोपलाय."

मी खिडकीतून पाहिलं. बत्तीस मुलांचा तो वर्ग मी कधी एक मिनिटही गप्प पाहिला नव्हता. आज सगळी भिंतीला पाठ लावून, एकमेकांना चिकटून बसलेली. आवाज नाही. बाई कोपऱ्यात वाकलेल्या. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने खूण केली, जा, जा.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? तुम्ही मुलांना बाहेर काढलं असतं. मी दाराला बाहेरून कडी घातली.

बिबट्या बाहेर पडता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. आत मुलं आहेत, बाई आहेत, हे मला आठवलं नाही असं नाही. आठवलं, पण कडी घालून झाल्यावर. मग ती काढायला हात उचलेना. मी रिद्धीला उचलून ऑफिसात आणलं, तिला घेऊन माझ्या टेबलाखाली शिरलो आणि तिथून वनखात्याला फोन लावला. हळूच वॉचमनलाही सांगितलं. तो "तेंदुआ! तेंदुआ!" असा ओरडत सुटला की सातव्या मजल्यापर्यंत खिडक्या बंद झाल्या.

तेवढ्यात वर्गाच्या दारावर आतून टकटक झाली. मला वाटलं, पंजा.

"सर," माझ्या कुशीतून रिद्धीने विचारलं, "आता आपण पण बिबट्या आहोत का?"

"श्श!"

ती खूश झाली. सरही खेळतात, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

अर्ध्या तासाने वनखात्याची दोन माणसं जाळं आणि काठ्या घेऊन आली. त्यांतले मोठे इथल्याच गावातले, मिशा पिकलेले. बाहेर ही गर्दी, हातात फोन. त्यांनी कडी काढून दार इंचभर लोटलं. आतून बाई म्हणाल्या, "अहो, कडी कुणी घातली? लेकरांना सू लागलीये."

ते गृहस्थ आत गेले. टेबलाखाली वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. तिथे एक तपकिरी घडी केलेलं ब्लँकेट होतं, पाण्याची वाटी होती, अर्धा लाडू होता. मुलं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बरा हाय. झोपलाय. आता उठवू नका त्याला." मग बाईंकडे वळून म्हणाले, "पोरांनी चांगला सांभाळलाय. आमचं काय काम न्हाय हितं."

जाता जाता ते ऑफिसात डोकावले. "साहेब, कडी कुनी घातली होती?"

"मी."

त्यांनी टोपी चढवली आणि ते निघाले. गाडी वळेपर्यंत दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे हसत हसत सांगून मोकळा झालो असतो. पण दुपारपर्यंत जाळं घेतलेल्या माणसांचा व्हिडिओ सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गेला. पालक धावत आले. शाळेच्या मालकीणबाई, त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो, बाहेरगावी होत्या. त्यांचा फोन आला. "सर, कोणी बोलावलं फॉरेस्टवाल्यांना? कुठल्या पेरेंटने केलं हे?"

मी म्हणालो, "बघतो मॅडम."

एवढंच म्हणालो. खोटं बोललो नाही, खरंही बोललो नाही. असं बोलायला मी एकतीस वर्षांत शिकलो होतो.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी येऊन निकाल दिला. शनिवारी पालकसभा. बाईंनी सगळ्यांसमोर उभं राहून मुलांना सांगायचं, बिबट्या वगैरे काही नव्हतं, टीचर खोटं बोलल्या. पालकांची माफी मागायची. यापुढे गोष्टींचा तास बंद, त्या वेळात लेखन. कबूल नसेल तर या महिन्यानंतर येऊ नका. मॅडम वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. चार पालकांनी दाखले मागितले होते.

बाई माझ्याकडे आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. "माफी मागायला मला काही नाही हो सर. पण तो नव्हताच असं मी सांगितलं, तर लेकरांनी ज्याला खाऊ घातलं तो जाणार, आणि ज्याला ती भितात तो राहणार." थोडं थांबून म्हणाल्या, "दुसरी शाळा बघावी लागेल. या वयात कोण घेतंय."

मी हजेरीपटाची पानं सरळ करत राहिलो.

"फोन तुम्हीच केलात ना?"

"हो."

"आणि आम्हाला बिबट्याबरोबर आत कोंडलंत."

"हो."

बाई हसल्या. खरंच हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग भुवया वर करून माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी विचारलं नाही, पण पुढे काय, हे आता माझ्याकडे होतं. त्यांनी मॅडमना माझं नाव सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हत्या, हे मला कळलं. फार लाज वाटली. बायकोलाही मी ते सांगू शकलो नाही.

शनिवारी वर्ग गच्च भरला. पालक मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसलेले, मुलं पुढे सतरंजीवर. मॅडमनी चार शब्द बोलून बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या. हातात मॅडमनी लिहून दिलेला कागद होता; घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच, नोकरी सोडणं परवडणार नव्हतं. त्यांनी तो उलगडला आणि वाचायला तोंड उघडलं.

मी मागे दाराशी उभा होतो. "एक मिनिट," मी म्हणालो.

सगळ्यांनी माना वळवल्या. मला चार लोकांत बोलायची सवय नाही. काय बोलावं ते सुचेना, म्हणून घडलं तसं सांगायला लागलो. "मी तीन दिवस लग्नाला गेलो होतो. आलो, तर दारात ही रिद्धी उभी. म्हणाली, सर, आत बिबट्या आहे." इथे मी थांबलो.

सतरंजीवरून बत्तीस गळे एकदम ओरडले, "मग? पुढे काय झालं?"

पालक हसले. मीही हसलो, आणि मग मला थांबता आलं नाही. चपला, खिडकी, बाईंचं बोट, कडी, सगळं सांगितलं. बत्तीस मुलांच्या वर्गातली मी एकतीस मुलं आणि एक बाई बिबट्यासकट कोंडली आणि स्वतः टेबलाखाली लपलो, हे मी माझ्या तोंडाने सांगितलं. दारावर टकटक झाली तेव्हा मला पंजा वाटला, इथे मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. "फोन मी केला," मी म्हणालो. "बाईंनी नाही, मुलांनी नाही. माफी मी मागतो."

हसणं ओसरल्यावर एक वडील उठले. माणूस सरळ होता, काळजीने विचारत होता. "ते ठीक आहे. पण मुलांना खोटं खरं वाटेल असं का सांगायचं? त्यांना कळतं का काही या वयात?"

उत्तर बाईंनी द्यायचं होतं. पण रिद्धी आधीच उभी राहिली होती. कमरेवर हात ठेवून तिने त्या काकांकडे पाहिलं, जरा कीव आल्यासारखं.

"अंकल, तो खोटा-खोटा आहे. खऱ्याला कोणी उपमा देतं का?"

मग रिद्धीची आई उठली आणि तिला नीट बोलताही येईना. "ती आता एकटी जाते हो," एवढंच ती म्हणाली आणि बसली. बऱ्याच आयांनी माना हलवल्या. त्यांच्याही घरी तेच झालं होतं.

म्हणजे बघा, बत्तीस मुलांपैकी प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या इमारतीत खरं आणि खोटं-खोटं यातला फरक न कळणारा एकच इसम होता. त्याचं वय अठ्ठावन्न, आणि तो रजिस्टर लिहायचा.

मॅडमनी बाईंच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. दाखले मागणाऱ्या चौघांपैकी एकाने तरीही मुलाला काढलं. गोष्टींचा तास राहिला.

बिबट्या पुढे महिनाभर टेबलाखाली होता. मग त्याची आई सापडली, ती नेमकी कुठे यावर वर्गात दोन दिवस भांडण झालं आणि तो गेला. बाई आणखी तीन वर्षं होत्या. मग लातूरला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली, तिला बघणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी शाळा सोडली. फोन करतात. तिकडे वाड्यावस्तीवरची लेकरं जमवतात असं ऐकलं. आश्चर्य वाटलं नाही.

त्यांचा शेवटचा दिवस मला लख्ख आठवतो. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. शाळा सुटायला वीस मिनिटं असताना त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि मला वर्गात बोलावलं. मुलं गोल करून बसली होती. सगळी नवी, बिबट्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

"टीचर, तुम्ही कुठे चाललात?" एका मुलीने विचारलं.

बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. माझ्याकडे पाहिलं. "सर सांगतील," त्या म्हणाल्या, आणि मी काही म्हणायच्या आत स्पोर्ट्स शूज घातलेली त्यांची पावलं बाहेरच्या पॅसेजमधून निघूनही गेली.

तीस चेहरे माझ्याकडे वळले. मी त्या गोलात एक छोटी खुर्ची ओढून घेतली आणि कसाबसा तीत बसलो.

"बाई रिक्षात बसल्या," मी सुरुवात केली, "आणि रिक्षावाला म्हणाला, कुठे नेऊ? तर बाईंनी एक असं गाव सांगितलं की त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं."

मुलं थोडी पुढे सरकली. पुढचं मला खरोखरच माहीत नव्हतं.